अर्जदाराचे नाव शेवटी

साताऱ्यात कचेरीबाहेर मी अठरा वर्षे लोकांचे अर्ज लिहिले. परदेशात, स्कोफिल्ड्सला आल्यावरही ती सेवा खंडित झालेली नाही. आईवडिलांच्या व्हिसाचे पत्र असो वा काउन्सिलकडची तक्रार, मसुदा माझ्याच हातचा असतो. शिक्षण नववीपर्यंतचे, परंतु माझ्या मसुद्यात आजवर कोणी चूक काढलेली नाही. त्यामुळे मुलीने एका माओरी तरुणाशी लग्न ठरवले आणि त्याच्या आजींपुढे मी माओरी भाषेतून स्वतःची ओळख करून द्यावी असे सुचवले, तेव्हा मी निर्धास्त होतो. आजींचे समाधान झाल्याखेरीज त्या घरात लग्नाची तारीख ठरत नाही, हेही तिने बजावले.

उच्चार मला जड गेले नाहीत. इंग्रजीत वाढलेली माझी मुलगीच डोंगरासाठीचा माओरी शब्द 'माउन-गा' असा उच्चारी.

"शाळेत जो ङ आम्ही पाठ केला आणि कुठे वापरला नाही, तो इथे लागतो. म्हण, माउङा."

"बाबा, यू आर लव्हिंग धिस," ती म्हणाली.

मी मसुदा सिद्ध केला: 'मी, खाली सही करणार, वय वर्षे बावन्न, राहणार स्कोफिल्ड्स, लेखनाचा अनुभव...' भावी जावयाने तो इंग्रजीतून ऐकला आणि मान खाजवली.

"अंकल, आधी तुमचा डोंगर. मग नदी. मग तुमची माणसं. नाव सगळ्यात शेवटी."

"आणि अनुभव?"

"तो नसतो."

"आजींकडे व्हिसा मागायचा नाहीये, बाबा," मुलगी म्हणाली.

रविवारी आजींकडे जेवणाआधी सगळे घर गोळा झाले. मी उभा राहिलो. को अजिंक्यतारा ते माउङा. को कृष्णा ते आवा. नदीचे नाव उच्चारले आणि पुढचे सुचेना. आजवर ती माझ्या लेखणीतून केवळ जमिनीच्या चतुःसीमेत, 'पूर्वेस कृष्णा नदी' अशी गेली होती. मी खाली बसलो.

"बाबा, नाव राहिलं," मुलगी कुजबुजली. तिचा चेहरा उतरला होता.

आजींनी इंग्रजीत विचारले, "त्या नदीत पोहला आहात?"

"पोहायला तिथेच शिकलो. माहुलीला."

"पाणी भरपूर कधी असतं?"

"ऑगस्टात."

"मग ऑगस्टात मला ती दाखवा," त्या मला म्हणाल्या आणि नातवाकडे वळल्या. "लग्न सप्टेंबरात करू."

त्यानंतर मुलीने मला नावाची आठवण करून दिली नाही.