तंबोऱ्याची ओटी

सांगलीत व्यापार सुलभीकरणाची कार्यशाळा झाली, तेव्हा मी दुसऱ्या रांगेत होतो. देशोदेशींनी करार केलाय, आता सीमेवर माल अडणार नाही, सगळं घरबसल्या होईल, असं पाहुण्यांनी सांगितलं. सांगायला त्यांना वीस मिनिटं लागली, सत्काराला चाळीस. तरी मी विश्वास ठेवला, कारण मला मुलीला ऑस्ट्रेलियात तंबोरा पाठवायचा होता.

मिरजेच्या एका वयस्कर कारागिरांनी तो आठ महिने खपून केला होता. "असला भोपळा आता मिळत न्हाई, सर. एवढा मोठा हा शेवटचाच," ते म्हणाले होते. ऑनलाइन अर्ज मी भरला. मालात बियाणे, धान्य आहे का? नाही. खरंच सोपं होतं.

खोकं बोटीनं गेलं आणि सहाव्या आठवड्यात मेल आला. खोक्यात न कळवलेलं धान्य सापडल्यामुळे तंबोरा तिकडच्या बंदरात अडकवून ठेवला होता. तो मेल मी बायकोला वाचून दाखवला. कणीक मळता मळता तिचे हात थांबले.

"अहो, मी ओटी भरली होती."

"कुणाची?"

"तंबोऱ्याची. लेकीच्या घरी निघालेला, रिकामा कसा धाडायचा? मूठभर तांदूळ, हळकुंड, सुपारी. खणात बांधून भोपळ्याखाली ठेवलं."

"मला सांगायचं तरी!"

"तुम्ही विचारलंत का मला? तुम्ही कॉम्प्युटरला विचारत होतात."

खुलाशाला दोन दिवसांची मुदत होती. कारणांच्या यादीत 'व्यापारी नमुना', 'वेष्टनाचे साहित्य' आणि 'इतर' एवढंच होतं. 'इतर'खाली मी ओटी समजावून सांगितली. सहा ओळींत जमेल तेवढी. उत्तर सभ्य होतं. तांदूळ नष्ट करू. वाद्य तापवून निर्जंतुक करायचं, परत पाठवायचं की तेही नष्ट करायचं, ते कळवा.

मी मिरजेला फोन लावला.

"तापवायचं?" कारागीर ओरडलेच. "आवं सर, लय ऊब लागली की गळ्याचा, म्हंजी दांडी-भोपळ्याचा सांधा सुटतोय. भोपळाच उकलंल. परत मागवा."

"येताना समुद्राची दमट हवा?"

"त्यात वाचंल कदाचित. भट्टीत न्हाई वाचायचा."

मुलीला विचारलं. ती म्हणाली, "मागवा, बाबा."

याला तीन आठवडे झाले. पडद्यावर 'प्रक्रिया सुरू आहे' एवढंच दिसतं. बोटीत आहे की गोदामात, ते सांगणारं माणूस त्या सोप्या व्यवस्थेत कुठेच सापडत नाही. बायको दिवसातून दोनदा विचारते, तिसऱ्यांदा नुसती बघते.

काल कारागिरांचा फोन आला. "सर, आला की घरी खोकं उघडू नका. तसंच मिरजेला आणा. मी समोर असंन, तवाच उघडायचं."