चव बघणं म्हणजे खाणं नव्हे

डॉक्टरांनी मामींना खोटारडं म्हटलं, आणि तेही हसून. चिडून म्हटलं असतं तर मामींनी एक वेळ सोडून दिलं असतं.

"मामी, साखर तसूभरही उतरलेली नाही," रिपोर्टवरची नजर न काढता ते म्हणाले. "कुठेतरी पाणी मुरतंय. आम्ही काही खात नाही असं सगळेच म्हणतात हो."

सगळेच. मामींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच इस्पितळाच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात त्यांनी उभं आयुष्य काढलं होतं. रोग्यांची पेज, नर्सांचा भात, डॉक्टरांचा रस्सा, सगळं त्यांच्या हाताखालून वर जायचं. सख्खा भाचा एक नाही, पण सगळं इस्पितळ त्यांना मामी म्हणायचं. त्यामुळे त्यांचे यजमानही आपोआप मामा झाले, त्या बिचाऱ्याला कुणी विचारलंसुद्धा नाही. या मामींवर कामचुकारपणाचा किंवा खोटेपणाचा ठपका आजवर कुणी ठेवला नव्हता. आता ठेवला तो रोज त्यांच्या हातचं जेवणाऱ्या माणसाने.

त्यांना साखरेचा आजार जडून बरीच वर्षं झाली होती. गोळ्या वाढत गेल्या, साखरही वाढत गेली आणि यंदाच्या तपासणीत डोळ्याच्या पडद्यावर डाग निघाला. डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले. एक म्हणजे रोजची इन्शुलिनची सुई. दुसरा म्हणजे तीनेक महिने ताटच बंद. सकाळ-दुपार-रात्र फक्त मोजक्या कॅलरीचे शेक, पुडीतली पावडर पाण्यात घुसळून प्यायची. गोळ्या कमी करणं त्यांच्या देखरेखीखाली, आपल्या मनाने काही करायचं नाही. वजन उतरलं की साखरही उतरेल, डोळ्याला उसंत मिळेल. "पण हे येरागबाळ्याचं काम नाही," असंही ते म्हणाले.

मामींनी तिथल्या तिथे दुसरा रस्ता धरला. सुईची त्यांना भीती नव्हती, भीती होती ती डोळ्यांची. त्यांच्या आईचे डोळे साखरेनेच गेले होते. शेवटी शेवटी ती लेकीला हाताच्या वासावरून ओळखायची. आज कांदा चिरलास, आज दूध उतू गेलं, असं सांगायची. ते ऐकून सगळे कौतुकाने हसायचे. मामी मात्र मोरीत जाऊन तोंड धुऊन यायच्या.

तर शेक सुरू झाले. त्या पावडरीला नव्या रबरी चपलेसारखा वास यायचा. ज्याला विस्तव लागत नाही त्याला जेवण म्हणायचं हाच मुळात मामींच्या धंद्याचा अपमान होता. पण त्या नाक दाबून पीत राहिल्या. पहिले काही दिवस डोकं ठणकलं, हातपाय गार पडले, पोट आठवडाभर रुसून बसलं. पोटात कावळे ओरडत असताना त्या इस्पितळभर लोकांचं रांधत होत्या. यातलं एक अक्षर त्यांनी कुणाला सांगितलं नाही. घरी मामा आपलं ताट घेऊन जिन्यात बसायचे, बायकोच्या समोर घास उतरत नाही म्हणून. शेजाऱ्यांना वाटलं, या वयात भांडणं निघाली. नणंद फोनवर रोज तेच ते ऐकवायची, "एक दिवस खाल्लंस तर काय आभाळ कोसळतंय?" त्या नणंदेच्या घरचं बोलावणंही मामींनी परतवून लावलं.

एवढं करून हाती काय आलं? कुठेतरी पाणी मुरतंय.

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तर मामा खाली मान घालून म्हणाले, "एखादं बिस्किट गेलं असेल गं, नकळत." झालं. त्या दिवसापासून मामांशी अबोला सुरू झाला. ज्या माणसासाठी हिने आयुष्यभर पोळी मऊ राहील अशी झाकून ठेवली, त्याचाही हिच्यावर भरवसा नाही. मला विचाराल तर मामींचं काही चुकलं नाही. आजारी माणसाने अर्धपोटी राहायचं, वर जगापुढे शपथा घ्यायच्या, हा कुठला न्याय?

मामींनी मग साक्षीदार न्यायचा ठरवला. मामांचा शब्द कोण धरणार, नवराच तो. म्हणून त्यांनी धाकट्या जावेला बोलावलं. ती त्याच स्वयंपाकघरात भाजी चिरायला होती. दोघींचं कधी पटलं नव्हतं. धाकटी लग्न होऊन नवी नवी कामाला लागली, तेव्हा तिने केलेला रस्सा मामींनी चार माणसांदेखत थुंकला होता. "मिठाला तुझा हात लागता कामा नये," असं बजावलंही होतं. तेव्हापासून धाकटी सोलत होती, चिरत होती आणि कामापुरतं बोलत होती. माझ्या बाजूने बोलायची तिला काही गरज नाही, म्हणजे तिचं बोलणं खरं धरतील, असा मामींचा हिशेब होता.

"चल वर," त्या म्हणाल्या. "दिवसभर माझ्या डोळ्यासमोर असतेस. मी काय खाते ते डॉक्टरांना सांग."

धाकटीने हात पुसले आणि मुकाट्याने मागून गेली.

"जाऊबाई खोटं बोलत नाहीत," ती डॉक्टरांना म्हणाली. "त्या काहीसुद्धा खात नाहीत. पाणी आणि ते तुमचं पांढरं, बस." मग जरा थांबून म्हणाली, "चव बघतात तेवढीच."

"चव तर बघणारच," मामी म्हणाल्या. "न चाखता पाठवू का वर? चव बघणं म्हणजे खाणं नव्हे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "किती वेळा बघता?"

किती वेळा म्हणजे काय? फोडणीनंतर एकदा, मीठ टाकलं की एकदा, उकळी आली की एकदा, उतरवताना एकदा. पेज वेगळी, सूप वेगळं, रस्सा वेगळा. भाताचं शीत दाबून तोंडात. दुधातल्या गोड भाताची साखर. यात खाणं कुठे आलं? हे मामी अगदी निर्मळ मनाने सांगत होत्या. श्वास घेतला म्हणून कुणी हवा खाल्ली असं म्हणतं का?

"उद्या एक करा," डॉक्टर म्हणाले. "तुमचा चमचा जेव्हा जेव्हा तोंडात जाईल, तेव्हा तेवढंच यांना एका भांड्यात काढू द्या."

दुसऱ्या दिवशी धाकटीने ओट्याच्या कोपऱ्यात एक वाडगं ठेवलं. दुपारची ताटं वर गेली तोवर ते काठोकाठ भरलं होतं. भात, रस्सा, सूप, वर गोडसुद्धा. एका धडधाकट गड्याचं पोट भरलं असतं.

"हे माझं नव्हे," मामी म्हणाल्या.

प्रत्येक चमचा मामींच्या समोर पडला होता. त्या वाडग्याकडे बघत राहिल्या, मग भांडी घासणाऱ्या बाईला विनाकारण झापलं, आणि हातातलं फडकं आपटून तशाच वर गेल्या.

"माझं रक्त पाहिलंत," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "लघवी पाहिलीत. डोळ्यांत दिवा घातलात. पायांना टाचणी टोचलीत. बाई, तू दिवसभर करतेस काय, हे एकदा तरी विचारलंत? रोज माझ्या हातचं जेवता. ते न चाखता होत असेल असं वाटलं तुम्हाला? आणि खोटारडी मी."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "चुकलं माझं," ते म्हणाले. "आता काही दिवस चाखणं पूर्ण बंद. जमेल?"

"न जमायला काय झालं?" मामी म्हणाल्या. "हाताला अंदाज असतो."

हाताला असतो, पण डोकं ठिकाणावर असेल तर. रागाच्या भरात त्यांनी रश्शात मीठ टाकलं आणि उकळी येताच पुन्हा टाकलं. ताटं जशी गेली तशी परत आली. कुणी एका शब्दाने बोललं नाही, आणि तेच मामींना सहन होईना. त्या कोठीत गेल्या, कांद्याच्या पोत्यावर बसल्या आणि रडल्या. रागानेच रडल्या. डोळे वाचवायचे तर जीभ गहाण टाकायची. जीभ ठेवायची तर डोळे जाणार. असला सौदा त्यांच्यापुढे मांडणारा कोण, हे काही त्यांना सापडेना.

दुसऱ्या दिवशी रस्सा उतरवायच्या वेळी त्यांनी चमचा भरला आणि धाकटीपुढे धरला. "बघ," एवढंच म्हणाल्या.

धाकटीने हात पुढे करायला जरा वेळ लावला. मग चाखलं. "मीठ थोडं लागेल."

"काही लागत नाही."

"लागेल, जाऊबाई."

मामींचं पित्त खवळलं. वासावरून त्यांना पुरतं कळत होतं की मीठ बरोबर आहे. हिला काय कळतंय? पटकन एक चमचा तोंडात घातला की हिचं तोंड बंद. त्यांनी चमचा बुडवला आणि ओठांपर्यंत नेलासुद्धा. धाकटी अडवायला पुढे झाली नाही, नुसती बघत राहिली. चमच्यावर वाफ होती आणि त्या वाफेने मामींना समोरचं धूसर दिसू लागलं. त्यांनी चमचा खाली घेतला, मोरीत फेकला.

"घाल," त्या म्हणाल्या. "बिघडलं तर नाव तुझं सांगीन."

बिघडलं नाही. ताटं रिकामी परत आली. त्यानंतर रोज चाखायचं काम धाकटीकडे आलं. रोज मामी तिच्याशी हुज्जत घालायच्या आणि रोज मीठ मात्र तिच्याच हाताने पडायचं. ती आता चिरताना गुणगुणायची. हे मामींच्या कानावर पडायचं, आणि त्या भांडी जास्तच जोरात आदळायच्या.

पुढच्या तपासणीला साखर उतरली. चांगली घसघशीत उतरली. त्याच्या पुढच्या वेळी तर डॉक्टर खुर्चीतून उठूनच उभे राहिले. डोळ्याचा डाग वाढला नव्हता, सुई टळली होती. आता हळूहळू एकेक शेक कमी करायचा, त्या जागी थोडं जेवण घ्यायचं, साखर मात्र तपासत राहायची. "आणि मामी," ते म्हणाले, "चाखायलाही हरकत नाही. चमच्याच्या टोकावर, दिवसातून मोजकं. तुमची जीभ परत मिळाली म्हणा की."

मामी घरी आधी मामांशी बोलल्या, आणि काय बोलल्या तर, "बिस्किट खाल्लं असेल म्हणे." मामा हसले. जिन्यातलं ताट घरात आलं.

दुसऱ्या दिवशी ओट्यापाशी रस्सा उकळत होता. मामींनी चमचा उचलला. धाकटी दोन पावलं मागे सरली, विळीकडे गेली आणि कांदा पुढे ओढला. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, आपलं काम संपलं.

मामींनी चमचा बुडवला. इतक्या महिन्यांनी जिभेला पाणी सुटलं. त्यांनी एकदा पातेल्याकडे पाहिलं, एकदा धाकटीच्या पाठीकडे.

"इकडे ये," त्या कडाडल्या. "तिकडे काय करतेस? ही चव कोण बघणार, मी? मला डॉक्टरांनी जन्मभराची मनाई केलीय."

आणि आयुष्यात पहिल्यांदा, कुणी आरोप न करता, मामी धडधडीत खोटं बोलल्या.