अक्कांच्या पिशवीतला आहेर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, लेकीला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवासमोर हात जोडते तेव्हासुद्धा एवढं वगळून बाकीचं बोलते – जणू त्याला दिसलंच नसेल. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. आणि राग येतोय म्हणून. गेल्या आखाजीपासून – म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून – असा राग येतोय की कुकरची शिट्टी झाली तरी मी तिच्यावर खेकसते. राग कुणाचा, ते कळेलच तुम्हाला.

आधी माणसं सांगते. मी जळगावची, शाळेत मराठी शिकवायचे. मूल्यशिक्षणाचा तासही माझ्याकडेच असायचा – हे लक्षात ठेवा, पुढे हसायला उपयोगी पडेल. ह्यांचं पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे. मुलगी एकच, केतकी. आणि अक्का. अक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण, माझी नणंद. शिंदखेड्याजवळच्या खेड्यात दिलेली, घरची शेती, दोन म्हशी, भरलं घर. अहिराणीशिवाय दुसरं काही बोलत नाहीत आणि समोरच्याला कळतंय की नाही याची फिकीरही करत नाहीत. मला मात्र फिकीर असायची. चारचौघांत त्या बोलायला लागल्या की मी लगेच शुद्ध मराठीत पुढचं वाक्य बोलून टाकायचे. गुन्हा नाही हा. पण सुरुवात तिथूनच आहे.

केतकीचं मुंबईला जमलं. व्याही मूळचे आपल्याकडचेच, पण दोन पिढ्या तिकडे. साखरपुडा त्यांनी एका बड्या हॉटेलात ठेवला आणि आम्हाला उतरायलाही तिथेच खोल्या घेतल्या. फुईशिवाय – म्हणजे आत्याशिवाय – आमच्याकडे पोरीचं शुभकार्य होत नाही, म्हणून अक्का सोबत. त्यांनी विहीणबाईंसाठी कापडी पिशवी भरून शेतातली भरताची वांगी आणि घरच्या बिबड्या – ज्वारीचे पापड – आणल्या होत्या. एवढ्या लांबच्या प्रवासात बिबड्या मोडू नयेत म्हणून पिशवी मांडीवरून खाली ठेवली नव्हती.

हॉटेलच्या दारात फेटेवाला दरवान वाकून नमस्कार करत होता. आतली फरशी अशी की तीत आपलंच तोंड दिसावं. अक्कांनी दारातच चपला काढल्या आणि हातात घेतल्या – एवढ्या स्वच्छ जागी चपला घालून कसं जायचं? मी दात-ओठ खात कुजबुजले, "घाला हो आधी!" त्यांनी घातल्या. विहीणबाई बघत होत्या. त्या गोड हसल्या, पिशवी दोन बोटांनी धरली, "कित्ती प्रेमानं आणलंय" म्हणाल्या आणि तिथल्या तिथे वांगी-बिबड्या ड्रायव्हरच्या स्वाधीन केल्या. रिकामी पिशवी अक्कांच्या हातात परत. तो राग माझ्या डोक्यात बसला. पण खरं सांगू? राग विहीणबाईंचा नव्हता. अक्कांचा होता. वांगी कशाला आणली, असा.

एका खोलीत मी आणि अक्का. पलंगावर दोन पांढरे गाऊन घडी करून ठेवलेले – अंघोळीनंतर घालायचे, जाडजूड, मऊ. वर साटीनची फीत, फितीत एकेक फूल. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे सोयऱ्यांच्या घरी गेल्यावर पाहुण्याला काय मिळतं? टॉवेल-टोपी, लुगडं, खण. घडी केलेलं कापड पुढे ठेवलं की तो आहेर, दुसरा अर्थच नाही. मी लगेच म्हणाले, "अक्का, व्याह्यांनी आहेर मांडलाय बघा." अक्कांनी कापड चिमटीत धरून पाहिलं.

"ये तं डाक्टरना कपडा दिखतस वं सुनंदा. माले नको माय. आसं धवळं घालीसन मी म्हैसपुढे गयी तं ती दूध देवाव नही."

आम्ही दोघी पोट धरून हसलो. त्या खोलीतली तेवढीच चांगली आठवण आहे, आणि तीही मला आता नकोशी झाली आहे.

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, गैरसमज झाला बाईचा, त्यात काय एवढं? मीही इतकी वर्षं स्वतःला हेच सांगत आले. आहेर समजून घेतलं. खेड्यापाड्यातली माणसं आम्ही, आम्हाला काय ठाऊक?

खोटं आहे. मला ठाऊक होतं.

साखरपुडा झाला त्या दुपारी साफसफाईची मुलगी आली. मी सकाळी घातलेला गाऊन तिनं उचलला, गाडीवर टाकला आणि दुसरा धुतलेला ठेवला. आहेर असा कुणी बदलून देतं का? मला तेव्हाच कळलं, लख्ख कळलं. आणि तरी दुसऱ्या दिवशी, अक्का अंघोळीला गेल्या असताना, मी दोन्ही गाऊन उचलले. माझी बॅग साड्यांनी ठासून भरली होती. अक्कांची पिशवी रिकामी होती. भरून आणलेली पिशवी रिकामी परत नेऊ नये म्हणतात ना – ते वाक्यसुद्धा मी मनात म्हटलं! गाऊन तळाला, वर त्यांचं धुवायचं लुगडं, त्यावर पानसुपारीचा बटवा. आहेर म्हणून नेला असता तर चारचौघांत मिरवत नेला असता. पिशवीच्या तळाला लुगड्याखाली दडवून आहेर कोण नेतं?

का घेतले? नाही, कारण शोधू नका, मी शोधून थकले. गरज नव्हती. घरात टॉवेलांनी कपाट भरलंय. मला ते मऊ कापड हवं होतं, बस्स. आणि त्या बाईनं आमची वांगी ड्रायव्हरला दिली याचं काहीतरी उट्टं काढायचं होतं. तिला कळणारही नाही असं उट्टं – कसलं भिकार उट्टं ते!

निघताना खाली सगळे जमलो. व्याही, विहीणबाई, जावई, हे, केतकी. काउंटरवरची मुलगी फोन ठेवून अगदी नम्रपणे म्हणाली की खोलीतले दोन गाऊन दिसत नाहीयेत, चुकून सामानात आले असतील तर बघता का? जावई म्हणाले, "जाऊ द्या हो, बिलात लावा." विहीणबाई छताकडे पाहायला लागल्या. तो क्षण तसाच टळला असता. कुणी कुणाचं सामान उघडलं नसतं.

पण अक्कांना ते सहन झालं नाही. आपल्या भावाच्या घरावर आळ? त्या तरातरा पुढे आल्या. त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. पिशवी त्यांनी आपणहून काउंटरवर ठेवली.

"मनी बी पिशवी देखी ले पोरी. आम्ही तसा नहीत."

आणि आपल्याच हातानं उपडी केली. बटवा पडला, लुगडं पडलं, आणि मग ते – पांढरं, मऊ, फितीसकट.

तेव्हा मी काय केलं? गप्प बसले असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. भेकड माणसं गप्प बसतात, समजू शकतं. मी गप्प बसले नाही. मी बोलले – स्वच्छ, शुद्ध, शाळेतल्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "अहो अक्का, असं घ्यायचं नसतं. मला विचारायचं तरी." आणि मग विहीणबाईंकडे वळून, हसून, "वयस्कर आहेत, गावाकडच्या. त्यांना आहेर वाटला असणार."

माझीच सबब मी त्यांच्या अंगावर चढवली.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. खोलीत दोघीच होतो, पिशवी कुणी भरली हे कळायला त्यांना वेळ लागला नाही. त्यांनी एक शब्द उच्चारला असता तर मी तिथेच उघडी पडले असते. त्यांनी केतकीकडे पाहिलं. ती रडवेली झाली होती, नवरा मुलगा तिच्या शेजारी उभा होता. मग अक्का काउंटरकडे वळल्या.

"चुकनं मनं, पोरी."

एवढंच. लुगडं झटकून पुन्हा पिशवीत भरलं. बटवा मी उचलून दिला – किती गुणाची भावजय!

परतीच्या गाडीत ह्यांनी एकच वाक्य उच्चारलं. "तुले काय कमी व्हतं वं अक्का?" अक्का खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. मी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला, जाऊ द्या म्हणाले. मोठ्या मनाची होते ना मी! ठरल्याप्रमाणे अक्का जळगावला यायच्या होत्या, पण धुळे आलं तसं म्हणाल्या, म्हैस आजारी असेल, आणि स्टँडवर उतरून शिंदखेड्याच्या एसटीत बसल्या. ह्यांनी त्यांना थांबवलं नाही. ज्या बहिणीचं नाव घेतल्याशिवाय ह्यांचं जेवण व्हायचं नाही, तिला हात करायलाही हे खाली उतरले नाहीत.

लग्न जळगावात झालं. हळदीला फुईचा मान पहिला. अक्का आल्या, हात लांब करून केतकीच्या गालाला बोट लावलं आणि मागे जाऊन बसल्या. आहेर मांडलेल्या खोलीकडे तर फिरकल्याही नाहीत. जेवणाच्या पंगतीत विहीणबाई माझ्या कानाशी, पण पुरेशा मोठ्यानं म्हणाल्या, "टॉवेल मोजून ठेवा हं, फुई आल्यात." अक्का पलीकडच्या पानावर होत्या. घास हातातच थांबला त्यांचा. आणि मी हसले. कुणी भाग पाडलं होतं? कुणीच नाही. त्या बाईचा राग येतो मला, पण तिनं तरी काय केलं? तिला जे माहीत होतं त्यावर ती हसली. मला खरं माहीत होतं, आणि मीही हसले.

ते हॉटेल, ते अत्तर मारलेलं थंडगार दालन, दोन गाऊनसाठी माणसाची झडती होऊ देणारी ती नम्र भाषा – सगळ्यांना शिव्या घालून झाल्या माझ्या. अक्कांनाही घातल्या. का गप्प बसल्या? का नाही माझं तोंड फोडलं? मला चांगलं ठेवून त्यांनी मला कुठलंच ठेवलं नाही, असंही म्हणून झालं. ज्यांच्यावर आळ घेतला त्यांच्यावरच चिडायचं, हेही मला जमतं.

आणि हे सगळं झाल्यावरही आखाजीला अक्का येतात. आखाजीला लेकीबाळी माहेरी येतात, आणि अक्कांना माहेर म्हणजे भावाचंच घर. एक दिवस राहतात, बोलतात, पुरण वाटायला बसतात. हे त्यांच्याशी कामापुरतं बोलतात. फक्त निघताना अक्का एक गोष्ट करतात. आमच्याच घरी नाही, कुठेही – पुतण्याकडे, व्याह्यांकडे, शेजारी सत्यनारायणाला गेल्या तरी. चपला घालायच्या आधी पिशवी उघडतात आणि घरच्या बाईपुढे धरतात. लोकांना वाटतं, म्हातारपणाचा चाळा. पोरं हसतात. अक्काही हसतात.

गेल्या आखाजीला मी त्यांच्या पिशवीत सांजोऱ्या, आंबे आणि एक लुगडं घातलं होतं. माहेरवाशीण रिकामी जात नाही. हे दारात उभे होते, रिक्षा आली होती. अक्का उंबऱ्याच्या आत खाली बसल्या, पिशवी उघडली आणि एकेक वस्तू बाहेर काढून जमिनीवर ठेवू लागल्या.

"ये तू दिधं. ये बी तुनंच शे. ये लुगडं बी तूच दिधं." मग रिकामी पिशवी माझ्यापुढे धरली. "तळ देखी ले माय. आखो काही नही. मंग जास मी."

हे दोन पावलांवर होते. घरात दुसरं कुणी नव्हतं. केतकीच्या संसाराला आता कशानंही धक्का लागणार नव्हता, तिची पोरं शाळेत जातात. एक वाक्य होतं. ते मी कितीदा मनात घोकलं होतं, अगदी शुद्ध मराठीत.

ह्यांनी रिक्षावाल्याला थांब म्हटलं आणि आमच्याकडे पाहिलं.

मी वाकले. पिशवीच्या तळापर्यंत नीट पाहिलं. आणि म्हणाले, "ठीक आहे अक्का, या आता."