गंडा न बांधलेल्या बाई

आणीबाणी उठली त्या वर्षी, गुरुपौर्णिमेला, सकाळी नऊ वाजता, कोल्हापुरातल्या आमच्या नामांकित गायनशाळेत एका बाईंवर अन्याय झाला. अन्याय छापील होता. मजकूर माझा होता.

बाई मंगळवार पेठेतून चालत यायच्या. नव्या मुलांना पहिली तीन वर्षं त्याच शिकवायच्या. पहाटे खर्ज लावून घ्यायच्या, सूर हलला की तंबोरा थांबवायच्या. "गळा हाय का एस्टीचा भोंगा?" हे मी पुष्कळदा ऐकलं आणि लवकरच गाणं सोडलं. ज्याचा गळा तयार व्हायचा, त्याच्या मनगटाला मग शाळेचे मुख्य गुरू, आमचे बुवा, गंडा बांधायचे. नारळ, पेढे, नमस्कार. त्या दिवसापासून तो बुवांचा शिष्य. बाईंनी कधी कुणाला गंडा बांधला नाही, कारण त्यांना स्वतःलाच कुणी बांधला नव्हता. सारंगीवाल्या बापाचं ऐकून ऐकून त्या शिकलेल्या.

मी तेव्हा पत्रकं लिहायचो. पाणीपट्टी, बोर्डिंगातलं जेवण, कशावरही. म्हणून शाळेच्या इतिहासाची पुस्तिका माझ्याकडं आली. अकराव्या पानावर नावाजलेल्या शिष्यांची यादी होती. खाली मी लिहिलं होतं की या सगळ्यांचा पाया बाईंनी घातला. शाळेच्या चिटणीसांनी ते वाचून विचारलं, "गंडा कुणी बांधला?"

"बुवांनी."

"मग शिष्य कुणाचे? घराण्याची रीत आहे ही. तुमचं मोर्चाचं पत्रक नव्हे."

भांडायला हवं होतं. कलेक्टर कचेरीसमोर घसा फोडणारा मी, रीत म्हटल्यावर पेन उचललं. ती ओळ मीच खोडली.

गुरुपौर्णिमेला पुस्तिका वाटल्या. बाईंनी आपली माझ्यापुढं धरली. "आमचं कुठल्या पानावर हाय, दाखव की."

"पुढच्या आवृत्तीत घेऊ, बाई."

"म्हंजे ह्यात न्हाय." त्यांनी पुढच्या रांगेतल्या गवयांकडं बघितलं. "आणि ह्यास्नी तोंड उघडायला कुणी शिकवलं रं? भिंतीनं?"

रांगेतले गवई पुस्तिका चाळू लागले. मीही. बाईंनी कार्यक्रमाचे दोन्ही तंबोरे जुळवून दिले आणि निघून गेल्या. शाळेत परत आल्या नाहीत.

दुसरी आवृत्ती निघाली. मुखपृष्ठ तेवढं बदललं. मी चिटणीसांना पत्र लिहायला घेतलं, पण मीच खोडलेली ओळ मी कुठल्या तोंडानं मागणार?

बाई अजून आहेत. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहायचं तेव्हा लिहिलं नाही, आता लिहून मोकळं व्हायचा हक्क मला नाही. यादीतल्या शिष्यांनो, तुम्हाला आहे. तुम्ही त्यांच्यापुढं मांडी घालून बसलाय. कपाटातली पुस्तिका काढा. अकराव्या पानावर स्वतःच्या नावाशेजारी त्यांचं नाव शाईनं लिहा. आणि येत्या गुरुपौर्णिमेला शाळेत जायच्या आधी ते पान घेऊन मंगळवार पेठेत बाईंकडं जा.