म्हाळसाबाईंनी घातलेलं पांघरूण

डिंगोऱ्यात सुप्रियाला सगळे शूटिंगवाली म्हणतात. आसपासच्या गावांत लग्न असलं की कॅमेरा घेऊन ती जाते आणि घरी येऊन लॅपटॉपवर त्याची फिल्म बनवते. तिचा नवरा पप्पू आळेफाट्याला एका गॅरेजात आहे. घरात दिवसभर दोघीच असतात, ती आणि सासू म्हाळसाबाई.

म्हाळसाबाईंचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलं. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादायचं, माळशेज उतरून कोकणात जायचं आणि पावसाच्या तोंडावर परत वर यायचं. थोरली लेक तर वाटेवरच झाली, एका ओढ्याच्या काठाला. पुढं गुडघ्यांनी दगा दिला आणि त्या घरी बसल्या. नवरा, राघू, अजून थोडी मेंढरं राखून आहे. पण राखणीची सवय अशी सुटत नाही. हाताशी राखायला काही उरलं नाही, तेव्हा म्हाळसाबाईंनी सुनेचा लॅपटॉप राखायला घेतला.

सुप्रिया बाहेर निघाली की बजावून जायची, "आत्या, चालू ठेवलाय. बटणाला हात लावू नका. आणि धूळ बसू देऊ नका, धुळीनं वाटोळं होतं त्याचं."

फिल्म तयार होत असताना पडद्यावर एक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं पुढं सरकते. म्हाळसाबाई तिच्यासमोर बसून लसूण सोलत. शेजारची ठकूबाई गप्पा मारायला आली तर दारातच तिला हटकत, "हळू बोल गं. सुनेचं काम चाललंय."

ओझरच्या समृद्धीच्या लग्नाची फिल्म चालू होती तेव्हाची गोष्ट. वैशाखातली दुपार. सुप्रिया दुसऱ्या एका साखरपुड्याला गेली होती. अचानक वावटळ उठली आणि मेंढरांच्या वाड्यातलं लेंडीखत भुगा होऊन घरात शिरलं. म्हाळसाबाईंनी खिडकी ओढून घेतली. दाराला फट होतीच. त्यांना सुनेचं सांगणं आठवलं. त्यांनी आपलं काळं घोंगडं घेतलं, दुहेरी घडी करून लॅपटॉपवर घातलं आणि कडा नीट खाली खोचल्या. आतला पंखा घरघरायला लागला तसं त्यांना वाटलं, गेली वाटतं थोडी धूळ आत. मग त्यांनी घोंगडं आणखी घट्ट खोचलं.

सुप्रिया आली तेव्हा म्हाळसाबाई पदरानं पडदा पुसत होत्या.

"सुप्रिया, ह्याला काय झालं गं? रंग निघंना."

पडद्यावर उभ्या रेघा होत्या. हिरव्या, जांभळ्या, मधेच चौकटी चौकटी. सुप्रियानं लॅपटॉपला हात लावला आणि चटका बसल्यागत मागं घेतला. शेजारी पडलेलं घोंगडं तिनं बघितलं. काय झालं ते तिला कळलं.

"वावटळ लई आली व्हती," म्हाळसाबाई म्हणाल्या. "पर एक कण बसू दिला न्हाई म्या."

सुप्रियाच्या तोंडाशी आलेलं तिनं गिळलं. धुळीचं तिनंच तर सांगून ठेवलं होतं. पंख्याला वारा लागतो, हे सांगायचं राहून गेलं होतं. ती नुसती म्हणाली, "बघते मी, आत्या."

तिनं लॅपटॉप बंद करून गार होऊ दिला, पुन्हा चालू केला. रेघा तशाच. मग तिनं केबल आणून तो घरातल्या टीव्हीला जोडला. टीव्हीवरही त्याच रेघा उमटल्या.

"आता टीव्हीला बी लागण झाली का?" म्हाळसाबाई घाबरल्या.

"नाही हो. टीव्ही चांगलाय, लॅपटॉपचा पडदाही चांगलाय. चित्र जिथं तयार होतं तिथंच बिघाड आहे. ग्राफिक्स कार्ड गेलं असणार."

लग्नाचं सगळं शूटिंग दुसऱ्या डिस्कवर होतं, ते शाबूत होतं. पण ते जोडून फिल्म करायची तर लॅपटॉप पाहिजे. त्यात समृद्धीच्या वडिलांचा फोन येऊन गेला होता. पोरगी आणि जावई बंगळुरूला निघणार, त्याआधी फिल्म हातात द्या.

दुसऱ्या दिवशी सुप्रिया आळेफाट्याला निघाली, तर म्हाळसाबाई आधीच लुगडं बदलून चपला घालून उभ्या.

"तुम्ही कशाला उन्हाचं?"

"आजारी जित्राब एकलं धाडीत न्हाईत," त्या म्हणाल्या आणि लॅपटॉपची पिशवी त्यांनीच छातीशी धरली. एसटीत शेवटपर्यंत ती कुणाला दिली नाही.

फाट्यावर आरतीचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. सुप्रिया वायरी, डिस्क तिच्याकडूनच घ्यायची. आरतीनं खालचं झाकण उघडलं आणि चिमट्यानं पंख्यातून काळा गुंता बाहेर ओढला. मग आणखी एक.

"ही लोकर आहे," ती हसून म्हणाली. "कुणी पांघरूण घालून झोपवला होता की काय?"

सुप्रिया घाईनं म्हणाली, "आमच्याकडं मेंढरं आहेत ना. उडते लोकर घरात."

"म्या घातलं पांघरूण," स्टुलावरून म्हाळसाबाई म्हणाल्या. "घोंगडं. दुहेरी."

आरतीचं हसू ओसरलं. तिनं एकदा सुप्रियाकडं, एकदा सासूकडं बघितलं.

"त्यानं बिघडलं का?" म्हाळसाबाईंनी विचारलं. "खरं सांग, बाय."

"खरं सांगायचं तर आजी, आतली उष्णता ह्या जाळीतून बाहेर जाते. ती अडली की आतलं तापतं. पण एका दिवसात असं होत नाही. लॅपटॉप जुना घेतलेला आहे, पंखा कित्येक महिन्यांत साफ केलेला नाही. कधीतरी जाणारच होतं. तुमचं घोंगडं नेमकं त्या दिवशी सापडलं."

"मंजी शेवटचा धक्का माझाच," म्हाळसाबाई म्हणाल्या.

कार्ड काढून दुसरं घालता येईल का, हे सुप्रियानं विचारलं. आरतीनं मान हलवली. ह्या लॅपटॉपात ते मुख्य बोर्डावरच डाखलेलं असतं. आख्खा बोर्ड बदलायचा तर नवा लॅपटॉप घेतलेला बरा. काही जण चिप तापवून देतात, ती चार आठवडे चालते आणि ऐन कामात पुन्हा बसते. ते आरतीला पटत नव्हतं.

"एक करता येईल. प्रोसेसरमधे एक छोटं ग्राफिक्स असतंच. मोठं बंद करून टाकते, त्या छोट्यावर चालव. चित्र स्वच्छ येईल. पण जोर नाही त्यात. तुझे ते उडते फुगे, फिरत्या चौकटी, फोटोतून फोटो उमलणं, तसलं काही ओढणार नाही."

तिनं पंखा धुवून पुसून काढला आणि मोठं कार्ड बंद केलं. रेघा गेल्या. सुप्रियाला तेवढ्यानंही हायसं वाटलं. परतीच्या गाडीत म्हाळसाबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. ओतूर आलं तेव्हा सुप्रिया म्हणाली, "आत्या, माझंच चुकलं. नीट सांगायला पाहिजे होतं."

"तू गप," त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्या लॅपटॉपच्या खोलीत येईनाशा झाल्या. लसूण ओट्यावर सोलू लागल्या. सुप्रिया रोज हाक मारी, "या ना आत्या, पट्टी बघायला." त्या म्हणत, "नगं बाई. माझ्या हाताला गुण न्हाई."

आणि एक दिवस त्या सकाळी ज्या गेल्या त्या दुपारपर्यंत आल्या नाहीत. सुप्रियानं ठकूबाईचं घर बघितलं, देवळात बघितलं, पप्पूला फोन केला. पप्पू म्हणाला, "कोकणात जाऊन येणारी बाई हाय ती, हरवती व्हय?" पण आवाज त्याचाही घाबरलेला होता.

म्हाळसाबाई ओझरला गेल्या होत्या. विघ्नहराचं दर्शन घेतलं आणि तिथून विचारत विचारत समृद्धीच्या घरी. ओसरीवर खाटेवर समृद्धीची आजी, साळुबाई, पडून होती. लग्नाच्या आठवडाभर आधी पाय घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. घरात बाकी कुणी नव्हतं. म्हाळसाबाई दारातूनच बोलल्या.

"शूटिंगवालीची सासू म्या. फिल्मला उशीर व्हतोय तो माझ्यापायी. सुनेला बोलू नका, काय बोलायचं ते मला बोला."

साळुबाईनं डोळे बारीक केले. "कुठली तू? राघू मेंढकाची का? आमच्या कांद्याच्या वावरात बसायची तुमची मेंढरं, लई वर्षांमागं. तू पाठीला पोर बांधून भाकरी थापायचीस."

"तीच."

"मग उभी का? बस की."

दोघी बसल्या त्या बसल्याच. साळुबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि घोंगड्याची गोष्ट आली तशी ती इतकी हसली की खुब्यात कळ आली. मग म्हणाली, "मला सांग, ती फिल्म लागंल तवा मला माणसं दिसतील का? माझी नात बोहल्यावर चढली आन म्या हितं छत बघत पडले. कोण आलं, कोण न्हाई, पंगतीत कोण कुणाशेजारी बसलं, कुणी मला धड सांगितलं न्हाई. नुसतं म्हणत्यात, छान झालं."

म्हाळसाबाई घरी आल्या त्या तडक लॅपटॉपच्या खोलीत.

"सुप्रिया, फुगे ओढत न्हाई ना हे? नगं ओढू दे. माणसं ओढतंय का?"

"म्हणजे?"

"सगळी माणसं. येताना, जेवताना, भांडताना. साळुबाईला तेच बघायचंय."

सुप्रियानं विचार केला. नुसतं एकापुढं एक जोडायचं, वर ना गाणं, ना चमचम. तेवढं त्या छोट्या ग्राफिक्सला जमण्यासारखं होतं. तिनं समृद्धीला फोन केला. समृद्धी म्हणाली, "आजीची आधी कर. माझी बंगळुरूला पाठवून दे मागाहून." तिची झगमगीत फिल्म सुप्रियानं पुढं आरतीच्या दुकानात बसून, तिथल्या मोठ्या कॉम्प्युटरवर केली.

आजीची फिल्म घरीच झाली. चित्र अडखळायचं, मधेच थिजायचं, सुप्रिया वैतागायची. म्हाळसाबाई शेजारी बसून म्हणायच्या, "चालतंय चालतंय. दमानं घे." आणि पडद्यावरच्या अनोळखी बायकांच्या नथींवर मत द्यायच्या.

फिल्म घेऊन दोघी ओझरला गेल्या. साळुबाईची खाट टीव्हीसमोर ओढली. मांडवाच्या दारातून माणसं येऊ लागली आणि साळुबाई उशीवर कोपर टेकून उठती झाली.

"हा बघ कुंडलिक! मला म्हणला, येयाला जमलं न्हाई. दोनदा वाढून घेतोय की!"

मग तिची बहीण दिसली. साळुबाई हात नुसता हवेत धरून राहिली. बहीण पडद्यावर इकडं तिकडं बघत होती, कुणाला तरी शोधत असल्यागत. तेवढ्यात फिल्ममधूनच कुणाचातरी आवाज आला, "मावशी, इकडं बघा. आजींना सांगायचंय काही?" आणि बहीण सरळ समोर बघून म्हणाली, "साळे, तुझ्याबिगर घास उतरंना बघ."

साळुबाईनं पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाली, "तिला बोलती कुणी केली? कुणाचा आवाज हाय हा?"

सुप्रिया केबल ठीक करायचं निमित्त करून टीव्हीमागं वाकली.

"माझ्या सुनेचा," म्हाळसाबाई म्हणाल्या. "मागं घे गं सुप्रिया, परत एकदा लाव."