चावडीसमोर घोडीवर बसताना

बी.ए. झालो तेव्हा माझ्या मनात मोटारसायकल होती. नोकरी लागली आणि मिळाली घोडी.

पंचायत समितीत शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून माझी नेमणूक झाली होती. सोनाळ्याच्या बाजूची, सातपुड्याच्या पायथ्याची खेडी माझ्याकडे. शाळा तपासायच्या, मास्तर वेळेवर येतो की नाही ते पाहायचं, पोरांना उभं करून वाचायला लावायचं. राज्य नवं, खातं नवं, मीही नवा. रस्ते मात्र जुनेच, म्हणजे नव्हतेच. ऑफिसला जीप एक, ती मोठ्या साहेबांची. पावसाळ्यात डांबर संपलं की तीसुद्धा माघारी फिरायची. त्या काळ्या मातीत सायकल माणसाला नेत नाही, माणूसच सायकलला खांद्यावर घेऊन जातो. एक पावसाळा तसा काढला आणि बाजारातून घोडी घेतली. पांढुरकी, ठेंगणी, पोटानं घेरदार आणि स्वभावानं संशयी.

आमच्या घराण्यात घोडं कुणाला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, पण खालून. माझं गाव जानेफळच्या बाजूचं. तिथं मामलेदार दौऱ्यावर आला की माझा आजा त्याच्या घोड्यापुढे धावायचा, आणि मामलेदार निघाला की एक गुडघा जमिनीवर टेकून दुसरी मांडी पायरीसारखी पुढे करायचा. साहेबाचा बूट आधी त्या मांडीवर, मग रिकिबीत. टाचेला नाल मारलेले बूट असायचे. आज्याच्या मांडीवरचा वण मी लहानपणी पाहिलेला आहे. खाजवायचा तो कधीकधी. पुढे आमच्या घरांनी दीक्षा घेतली, देव गेले, गावकीची कामं गेली, मी शिकलो. म्हणून घोडीचा लगाम हातात आला त्याच दिवशी मी एक गोष्ट ठरवून टाकली. मी वर चढेन तो माझ्या पायांनी. माझ्यासाठी कुणी वाकणार नाही.

ठरवणं सोपं होतं. चढणं नव्हतं.

मला शिकवणारं कुणी नव्हतं, म्हणून लोक कसे बसतात ते मी पाहत सुटलो. किराणा मालाचा एक व्यापारी बाजाराला घोड्यावरून यायचा. तो घोड्याच्या पाठीवर आधी पोट टाकायचा, गव्हाच्या पोत्यासारखा आडवा व्हायचा, आणि मग कण्हत कण्हत पाय पलीकडे घ्यायचा. सरकारी दवाखान्याचा कंपाउंडर नेहमी डाव्या बाजूनं, पॅन्टला चिमटे लावून, रिकिबीत पाय घालून एका झोक्यात वर. जणू कुणी त्याचा फोटो काढणार आहे. धनगरांच्या तट्टांना खोगीर नसायचं. ते आयाळ मुठीत धरायचे, चार पावलं तट्टासोबत पळायचे आणि पुढच्या क्षणी वर असायचे. मधलं काही दिसायचंच नाही. मी तिन्ही रीती आजमावायला निघालो. धनगरांसारखं पळालो तर घोडी माझ्यापेक्षा जोरात पळाली. पोत्यासारखं व्हायला मन धजेना. राहिली कंपाउंडरची रीत. ती मला क्वार्टरमागच्या नाल्याकाठी, कुणी पाहत नसताना, बऱ्यापैकी जमायला लागली.

पण आमच्या घोडीला एक खोड होती. खोगिराचा पोटाखालचा पट्टा, म्हणजे तंग, आवळायला घेतला की ती छातीत वारा भरून पोट फुगवायची. तंग घट्ट बसला असं वाटायचं. मग मी रिकिबीत पाय घालून भार टाकला की ती श्वास सोडायची, तंग ढिला, आणि खोगीर माझ्यासकट तिच्या पोटाखाली. एका जागी थोडं फिरवून तंग पुन्हा आवळायचा, हा त्याला उपाय. नाल्याकाठी तेवढा निवांतपणा असतो. गावात दहा माणसं पाहत असली की नसतो.

आणि माझ्याकडच्या एका गावात तर कधीच नसायचा. गावाचं नाव सांगत नाही. मधोमध चावडी, चावडीसमोर पाटलाचा उंच ओटा, चावडीमागे शाळा. पाटलाचं घोडं ओट्याला लावलं जायचं आणि पाटील ओट्यावरून नुसता एक पाय पलीकडे टाकायचा, दारातून माजघरात गेल्यासारखा. गुडघा वाकवावा लागायचा नाही. घोड्यावर बसायची ही सगळ्यात सोपी रीत, फक्त त्याला ओटा आपला लागतो.

पहिल्या खेपेला शाळा तपासून मी बाहेर आलो, घोडी सोडली, तर एक म्हातारा लगबगीनं आला. मुंडासं, गुडघ्यापर्यंत धोतर, हातात काठी. आमच्याच समाजातला. पूर्वी गावाचा कोतवाल. काम सुटून बरीच वर्षं झालेली, पण सगळे त्याला कोतवालच म्हणायचे. त्यानं काठी बाजूला ठेवली, घोडीजवळ चिखलात एक गुडघा टेकला आणि मांडी पुढे केली.

"ठेवा पाय, साहेब."

मी म्हणालो, "बाबा, उठा. मी बसतो माझा माझा."

"आता बसा ना बाप्पा! मांडी हाय ते, काटे नाई लागत."

"उठा म्हणतो ना!"

"काऊन? बुढ्याची मांडी मोडन म्हून भेव वाटते का?"

ओट्यावरची माणसं हसली. मी घाईनं दुसऱ्या बाजूला गेलो. तिकडून बसायची सवय ना मला ना घोडीला. रिकिबीत पाय घातला, घोडी गोल फिरायला लागली, आणि मी एका पायावर उड्या मारत तिच्यामागे. ओट्यावरून कुणी ओरडलं, "साहेब, शाळा इकडं राह्यली, तुमी कुठी चालले?" मग घोडीनं श्वास सोडला. खोगीर फिरलं. मी चिखलात बसलो, आणि कोतवाल तसाच मांडी पुढे करून माझ्याकडे पाहत होता.

त्या दिवसापासून दर खेपेला हेच. मी शाळेतून निघालो की तो चावडीच्या सावलीतून उठलेला. मी कधी मागच्या दारानं निघायचो, कधी भर दुपारी, कधी शाळा सुटायच्या आधी. म्हातारा हजर. विनवून पाहिलं, रागावून पाहिलं. शेवटी एकदा त्याच्या घरी गेलो. सुनेनं चहा दिला. मी चांगली तयारी करून गेलो होतो. कॉलेजात वादविवादात बक्षीस मिळवलेला माणूस मी.

म्हणालो, "बाबा, कायद्यानं हे सगळं बंद झालं. आता कोणी कोणासाठी वाकायचं नाही."

"हाव, ऐकलं म्या."

"मग?"

"मंग काय? आतालोक ज्याईचे बूट मांडीवर घेतले त्याईतल्या एकानंबी मले नाव नाई इचारलं. आता आपला मानूस साहेब होऊन घोडीवर येऊन राह्यला. पाटील ओट्यावरून पाहून राह्यला. त्याच्या डोयापुढं मी माह्या मानसाले बसवतो, तं तुले कायचं दुखते?"

घरात तो मला अरे-तुरे करत होता. ते मला आवडलं.

"मला दुखतं तेच तर सांगतोय! तुम्ही वाकले की पाटील काय पाहतो? मी वर गेलेला नाही पाहत. तुम्ही खाली बसलेले पाहतो. त्याला ते रोजचंच आहे."

"तू लय शिकला." म्हाताऱ्यानं बशीतला चहा ओढून संपवला. "बरं, तुले बसता येते का धड? पडतं तं तूच!"

मला जास्तच राग आला. मी म्हणालो, "असं करू. उद्या चावडीसमोर मी वाकतो. तुम्ही बसा घोडीवर."

मला वाटलं होतं, तो विरघळेल. तो उठूनच उभा राहिला. "माहा तमाशा करतं का बे? साहेब असून खाली बसशीन? आमची उरलीसुरली लाज तूच घालव!" सुनेनं पदर तोंडाला लावला. मी वहाणा घालून निघालो.

मग मी ठरवलं, हा सगळा प्रकारच टाळायचा. गावात घोडीवर बसायचंच नाही. शाळा झाली की लगाम धरून गावातून पायी चालत जायचं, वेस ओलांडायची आणि बाहेर, पिकांच्या आडोशाला, कंपाउंडरच्या रीतीनं निवांत बसायचं. तंग दोनदा आवळायला तिथं भरपूर वेळ. म्हातारा पहिल्या दिवशी वेशीपर्यंत मागं आला, मग कंटाळला. मला मोठी युक्ती सापडल्यासारखं वाटलं. कित्येक आठवडे मी तसा गेलो. गावात येतानाही वेशीबाहेर उतरायला लागलो. तेवढीच घोडी शांत राहते म्हणून.

एके दिवशी लगाम धरून ओट्यासमोरून जात होतो तर पाटलानं हाक मारली. तो वाईट बोलणारा माणूस नव्हता. सुपारी कातरत अगदी आपुलकीनं म्हणाला, "साहेब, एक सांगू का? तुमचं आपल्याले लय आवडलं. आजकालचे पोट्टे शिकले का रीत सोडून देतात. आमच्या वडलांच्या वक्ताले तुमच्यातला मानूस गावात घोडं चालवत न्यायचा, वेशीबाहेर बसायचा. तुमी एवढे शिकले, अधिकारी झाले, पण ते ध्यानात ठेवलं. नाईतं!"

वेशीबाहेर येऊन मी घोडीवर बसलोसुद्धा नाही. पुढच्या गावापर्यंत तसाच तिच्या शेजारून चालत गेलो, स्वतःशी बडबडत. ज्या रीतीला लाथ मारायला मी नोकरीत आलो, ती रीत मी माझ्या हातानं, कुणी न सांगता, पगारी वेळेत पाळत होतो! आणि का, तर एका म्हाताऱ्यानं मांडी पुढे करू नये म्हणून. मला पाटलाचा राग आला, म्हाताऱ्याचा आला, घोडीच्या पोटाचा आला. ज्यानं राज्यभर रस्ते करायचे सोडून मला इथं पाठवलं त्याचाही आला. बी.ए.ला तत्त्वज्ञान विषय होता माझा. त्यात याच्यावर एक ओळ नव्हती.

पुढच्या खेपेला मी गावात घोडीवरूनच शिरलो. वेशीत उतरलो नाही, ओट्यासमोर उतरलो, ठरवून. त्या दिवशी ग्रामपंचायतीची सभा होती, चावडी भरलेली. शाळा तपासली. एका पोराला पाढे येत होते, त्याची पाठ थोपटली. माझं लक्ष सगळं बाहेर. बाहेर आलो. घोडीचा तंग आवळला. तिला गोल फिरवलं, लोक पाहत असताना, पाहू दे म्हटलं, आणि पुन्हा आवळला.

पाटील ओट्यावरून म्हणाला, "या साहेब, आज इथून बसा. ओट्याले लावा घोडी."

चावडीतली माणसं बाहेर डोकावली. त्या ओट्यावर आमच्यातल्या कुणाचा पाय कधी पडला नव्हता. तो मोठेपणानंच बोलला असेल. पण त्याच्या ओट्यावरून चढलो तर चढलो म्हणायचं कोणाच्या जोरावर? मी म्हणालो, "नको पाटील. जमिनीवरून बसतो."

एवढ्यात म्हातारा आलाच. काठी टाकली, गुडघा टेकला. "ठेव पाय." आज त्यानं साहेबसुद्धा म्हटलं नाही.

"बाबा, सरका."

"नाई सरकत."

घोडीच्या एका बाजूला ओटा, दुसऱ्या बाजूला मांडी. मी मांडीच्या बाजूनंच गेलो, कारण डावी बाजू तीच होती. त्याच्या गुडघ्याला वळसा घालून रिकिबीत पाय घातला, आयाळ धरली आणि झोका घेतला. खोगीर जागचं हललं नाही. तंग घट्ट होता, शपथेवर सांगतो घट्ट होता. पण झोका कमी पडला. मी कंपाउंडरसारखा निघालो आणि मधेच व्यापाऱ्यासारखा झालो. पोट खोगिरावर, डोकं पलीकडे, पाय अलीकडे हवेत. हसू फुटलं. मी दोन्ही हातांनी खोगीर धरून सरकत होतो, सरकत होतो, अर्ध्याच्या वर आलो होतो. अजून एक श्वास, आणि मी स्वतःच बसलो असतो. आजही माझं म्हणणं तेच आहे.

तेवढ्यात माझ्या हवेतल्या तळव्याखाली दोन हात आले आणि त्या हातांनी मला असं उचललं की मी खोगिरात आपटलोच. त्या म्हाताऱ्या हाडांत एवढा जोर कुठून आला कोण जाणे. मी वळून पाहिलं. तो उभा राहिला होता, ताठ, धोतराचा सोगा सोडून, आणि चिखलानं माखलेले दोन्ही पंजे ओट्यापुढे धरून सांगत होता, "मी बसवलं! म्याच बसवलं त्याले!"

"बाबा, मी बसलोच होतो!" मी ओरडलो.

"हाव हाव, बसला होता! उलटा!"

सारी चावडी हसली. पाटीलही हसला, सुपारी हातात तशीच राहिली. म्हातारा तर एवढा हसत होता की त्याला काठी शोधायला वाकता येईना. मला खाली उतरून, सगळ्यांसमोर, शांतपणे समजावून सांगायचं होतं की हा गैरसमज आहे, मी चढलोच होतो, कुणी वाकण्याची गरज नव्हती आणि यापुढेही नसेल. पण खाली उतरलो असतो तर पुन्हा चढावं लागलं असतं.

मी घोडीला टाच मारली.