तळ, एक, दोन

माझे धाकटे दीर लिफ्ट दुरुस्त करतात. सव्वीस वर्षं तेच काम. बायको गेली तेव्हापासून, म्हणजे चार वर्षं, ते आमच्याकडेच राहतात. मी त्यांना भाऊजी म्हणते. बाहेरचे लिफ्टवाले म्हणतात.

दर शुक्रवारी काम संपलं की भाऊजी आणि त्यांच्या वर्कशॉपमधले चौघे समोरच्या दारूच्या दुकानात बसत. सहा ते नऊ. टेबल ठरलेलं, खुर्च्यासुद्धा ठरलेल्या. त्यांचा जोडीदार ढोल्या भिंतीकडे, भाऊजी दाराकडे. या वर्षी भाऊजींचे डोळे पिवळे झाले. डॉक्टर म्हणाले, आता आणखी एक ग्लास घेतलात तर माझ्याकडे येऊ नका. भाऊजींनी त्या दिवसापासून दारू बंद केली. मला वाटलं होतं घरात आदळआपट होईल, भांडणं होतील. काहीच झालं नाही.

फक्त शुक्रवारी सहाला ते बूट घालून पलंगाच्या कडेला बसत. नऊला बूट काढून जेवायला येत. मी रोज प्रार्थना झाली की वहीत चार ओळी लिहिते. त्यात आठ शुक्रवार एकच ओळ आहे : भाऊजी बूट घालून बसले.

आठव्या शुक्रवारी मी ताट वाढताना विचारलं, "फार आठवण येते का हो?"

"दारूची नाही येत, वहिनी. सहा वाजले की कुठे जायचं ते कळत नाही." मग पाणी पिऊन म्हणाले, "एखाद्या शुक्रवारी जाऊन बसेन म्हणतो. नुसतं पाणी पिईन."

तिथे जाऊन नुसतं पाणी पिणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "जित्याची खोड. तू कशाला मध्ये पडतेस?" आणि पेपर उलटला.

आमच्या गल्लीच्या टोकाला कपडे धुण्याचं दुकान आहे. त्याच्या वरच्या खोलीत एक निवृत्त नर्स शुक्रवारी सहाला व्यायाम घेतात. सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. तासभर हात-पाय हलवायचे, मग गरम पाण्यात लिंबू पिळून पीत गप्पा मारत बसायचं. मी देवाला सांगून ठेवलं की आज खोटं बोलणार आहे, आणि भाऊजींना म्हटलं, "माझे गुडघे फार दुखतात. तिथला जिना मोठा आहे. सोबत याल का?"

ते आले. बूट घातलेलेच होते.

खोलीत साबणाचा वास, खालच्या मशीनची घरघर. आठ-नऊ माणसं. एक शिंपी, बँकेच्या दारावर उभं राहून निवृत्त झालेले एक गार्ड, एक मास्तर आणि त्यांची बायको, बाकी अशीच. सिस्टरांची पद्धत अशी की प्रत्येक व्यायामाला एकाने मोठ्याने दहा आकडे मोजायचे. पाळी लावलेली. मोजणारा जितका हळू, तितका सगळ्यांचा घाम जास्त. मास्तरांच्या बायकोची पाळी आली की सगळे कण्हत.

भाऊजींची पाळी शेवटी आली. हात वर करायचे आणि खाली आणायचे. ते ताठ उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "तळ! एक! दोन! तीन!"

दहा झाले तेव्हा गार्ड ओरडले, "अहो लिफ्टवाले, अकरा वेळा हात वर केले!"

"दहाच केले," भाऊजी म्हणाले. "तळ धरत नाहीत."

सगळे इतके हसले की शिंपी खाली बसला. भाऊजी लिफ्टच्या विहिरीत केबिनवर उभे राहतात, ढोल्या वर मशीनजवळ असतो. खालून एकेक मजला ओरडून सांगायचा, म्हणजे वरचा बरोबर जागी थांबवतो. सव्वीस वर्षं ते तळापासूनच, म्हणजे तळमजल्यापासून, मोजत आले. हे मला माहीत होतं, मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. मीसुद्धा हसले.

घरी येताना म्हणाले, "हसं झालं माझं." एवढंच.

पुढच्या शुक्रवारी मी तयार झाले तरी ते पलंगावरून उठले नाहीत. खाली ढोल्याने स्कूटरचा हॉर्न वाजवला. "ए चल रे! तुझ्या खुर्चीवर कोणी बसत नाही. भुतासारखी रिकामी आहे!"

भाऊजी उठले. माझ्याकडे न बघता जिना उतरले. ह्यांनी पेपर खाली केला, परत वर घेतला.

मी एकटीच वर्गाला गेले. घरात बसून करणार काय? भाऊजींची पाळी आली तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "हा व्यायाम त्यांचा. ते नाहीत, तर कुणी मोजायचा नाही." मग आम्ही सगळे न मोजता हात वर-खाली करत राहिलो. शिंपी आठाला थांबला, मास्तर बारा-तेराला, गार्डना कुठे थांबायचं कळेना. कोणी हसलं नाही. मी मनात तळापासून मोजलं.

साडेआठला भाऊजी परत आले. मी जवळ जाऊन वास घेतला. लाज वाटली नाही.

"नाही घेतली," ते म्हणाले. "त्याने ग्लास पुढे सरकवला. मी परत सरकवला. त्याने पुन्हा. असं चार वेळा झालं. मग उठलो." ते पलंगावर बसले. "पुढच्या वेळी पाचव्यांदा सरकवेल, वहिनी. तेव्हा उठेनच असं नाही."

मी वर्गात घडलं ते सांगितलं. "तुमची पाळी कोणी मोजली नाही आज. गार्ड वीसपर्यंत गेले."

"वीस?" त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. "अहो, वरच्याने थांबवायचं कुठे मग?"

"तेच ना. सांगायला कोणी नव्हतं."

ते बुटांवर वाकले. मग नाड्या सोडल्या.

त्यानंतरच्या शुक्रवारी साडेपाचलाच दारात उभे. "वहिनी, तुमचे गुडघे."

"आले."

खाली ढोल्याचा हॉर्न वाजत होता. भाऊजी त्याच्या स्कूटरजवळ थांबले. "सिस्टरांकडे वर येतोस? दहा आकडे मोजायचे असतात."

"वेडा झालास का रे? दहा आकडे मोजायला जिना चढू?" ढोल्या म्हणाला आणि निघून गेला. भाऊजी तो वळेपर्यंत बघत होते.

वर कोणी काही विचारलं नाही. त्यांची पाळी आली. ते म्हणाले, "तळ!" आणि सगळ्यांचे हात वर गेले. गार्ड हळूच म्हणाले, "दार लावा, लिफ्ट निघाली." भाऊजींच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. पण त्यांनी दहापर्यंत नीट मोजलं, एकही मजला न चुकवता.

आता कित्येक शुक्रवार झाले. ढोल्याचा हॉर्न वाजत नाही. मी एकदा विचारलं, "बरं वाटतं का तिथे?"

"वाटत काही नाही, वहिनी. सहाला कुठे जायचं ते माहीत असतं."

मी प्रार्थनेत त्यांच्यासाठी आणखी काही मागायला बसते, आणि काय मागायचं ते आठवत नाही. मग जे आहे तेवढंच सांगून उठते. उठताना हल्ली भिंतीला धरावं लागतं. गुडघे आता खरंच दुखतात.